पाचवं कार्ड

प्रिय ठोंब्या,

एवढा मोठा झालास, हातात बेड्या पडल्या, तरी माझ्या तोंडी तुझं दुसरं नाव येत नाही, त्याला मी काय करू. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जीभ शाबूत आहे. कालच शेजारणीला तिने जिन्यात उभं करून चार खडे बोल सुनावले. तुझे भाऊजी डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला शिकले. गळ्याशी असलेलं एक तेवढं जमत नाही, ते मी लावते, आणि लावताना आम्ही दोघंही भिंतीकडे बघतो. मागच्या भेटीत तू वैतागून म्हणालास की ताई, तू जाळीपलीकडे बसतेस आणि हवापाण्याच्या गप्पा मारून निघून जातेस. बरोबर बोललास. जे बोलायला येत होते ते त्या जाळीतून निघत नव्हतं. म्हणून हे पत्र. ते तुझ्या हाती पडायच्या आधी तुरुंगातला साहेब उघडून वाचणार, हे मला ठाऊक आहे. वाचू दे. एकदा पेटीत टाकलं की मला मागे फिरता येणार नाही, तेच मला हवं आहे.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी तुझी साक्षीपुराव्याची तारीख. तुझ्या वकिलाने सगळी केस एका कार्डावर उभी केली आहे, हे तुलाही माहीत आहे. त्याचं म्हणणं असं, की कारखान्याच्या मिनिटसाहेबांनी स्टोअरमधल्या माझ्या फळ्यावरचं कामाचं कार्ड गुपचूप काढून ठेवलं आणि ऐन वेळी परत टाकलं. त्यामुळे प्रेसवर जीवघेणी घाई झाली. त्या घाईत तुझ्या भाऊजींचा हात गेला. आणि बहिणीच्या संसाराची अशी माती झालेली बघून तुझं डोकं फिरलं. हे न्यायाधीशांना पटलं तर चार-पाच वर्षांत तू घरी. नाही पटलं तर दहा, किंवा त्याहून जास्त. आणि ते पटवायचं कुणी, तर मी. फळा माझा, कार्डं माझ्या ताब्यातली, माझ्या शब्दाला वजन. सात महिने वकील मला पढवत होता आणि सात महिने मी मान हलवत होते.

आपल्या घरात राग आधी हातात यायचा आणि शब्द मागाहून, हे तुला सांगायला नको. बाबांनी गरम इस्त्री माझ्या दिशेने भिरकावली होती तो दिवस आठवतो? इस्त्री दारावर आदळली, आणि तू, जेमतेम सहा वर्षांचा, धावत जाऊन त्यांच्या मनगटाला असा कडकडून चावलास की रक्त आलं. त्यांनी तुला झिंज्या धरून उचललं तरी तुझे दात सुटेनात. मला त्या वेळी भीती वाटायच्या ऐवजी गंमत वाटली होती, की हे एवढंसं कार्टं माझ्यासाठी बाबांना चावतंय. तुझा राग तसाच राहिला. आला की बाहेर, मग समोर कुणी का असेना. माझा तसा नाही. मी तेव्हा ओरडले नाही, रडले नाही, पण पंधरा दिवसांनी बाबांच्या चपलेत खिळा उलटा ठोकून ठेवला. ते लंगडत आले आणि कुणी केलं म्हणून तुला बडवलं. मी बघत होते. चूक कुणाची आणि मार कुणाला, हे आपलं तेव्हापासूनच चालू आहे.

कारखान्यात मिनिटसाहेब यायच्या आधीचं माझं स्टोअर तुला आठवत असेल. पावलं टाकायला जागा नव्हती. गाडीच्या सीटची पाठ मागेपुढे होते ना, तिथल्या बिजागरीच्या पट्ट्या छपरापर्यंत रचलेल्या. बावीस दिवसांचा माल पडून, आणि तरी गाडीच्या कारखान्याला जी पट्टी हवी ती नेमकी सापडायची नाही. एकदा भोक अर्धा मिलिमीटर सरकलं होतं, ते कुणाला कळलं तोवर नऊ हजार पट्ट्या ठोकून झाल्या होत्या. सगळ्या भंगारात गेल्या आणि सगळ्यांनी एकमेकांकडे बोटं दाखवली. मग हे साहेब आले. बुटके, टक्कल पडलेले, खिशात सदा वही. येता-जाता मिनिटांचा हिशेब विचारायचे म्हणून तुम्ही पोरांनी त्यांचं बारसं केलंत. त्यांचा मंत्र एकच, की जे हवं ते, हवं तेव्हा, हवं तेवढंच. कुणी मागितल्याशिवाय काही करायचं नाही. साठा म्हणजे झाकून ठेवलेली चूक, असं ते म्हणायचे, आणि आपण सगळे त्यांच्या पाठीमागे त्यांच्या चालीची नक्कल करायचो.

पण खरं सांगू, मला ते सगळं फार आवडलं होतं. इतकं सोपं होतं ते. एका क्रेटला एक कार्ड. असेंब्लीत क्रेट रिकामं झालं की कार्ड माझ्याकडे यायचं, मी ते फळ्यावर लटकवायचं, तुझ्या भाऊजींनी ते उचलायचं आणि मगच दोनशे पट्ट्या ठोकायच्या. कार्ड नाही तर काम नाही. सुरुवातीला बारा कार्डं फिरत होती. साहेब दर महिन्याला एक काढायचे, माझ्या वहीत सही करून, आणि बघत बसायचे की आता कुठे अडतं. अडलं की तिथे जाऊन दुरुस्ती. बारांची नऊ झाली, नवांची सात, सातांची पाच. बावीस दिवसांचा माल सहा तासांवर आला. शंभरात सात पट्ट्या वाया जायच्या, तिथे शंभरात धड एकही वाया जाईना, कारण भोक सरकलं तर पहिल्याच क्रेटला बोंब व्हायची. ट्रक वेळेवर सुटायला लागले. तू स्वतः ट्रक भरायचास, दुपारचा डबा बसून खायला मिळतो म्हणून तूच साहेबांची तारीफ केली होतीस, आता नाही म्हणू नकोस. माझ्या स्टोअरची जमीन मी पहिल्यांदा बघितली, हिरवी निघाली. गाडीच्या कारखान्याची माणसं बघायला आली तेव्हा साहेबांनी मला पुढे केलं आणि म्हणाले, हा फळा या बाई चालवतात. त्या दिवशी मी घरी येईपर्यंत जमिनीला पाय लावला नसेल.

भाऊजींना ते खुपलं. आधी मला कळलं नाही. साहेबांनी प्रत्येक मशीनच्या डोक्यावर एक दोरी बांधली होती. काही बिघडलं, चुकलं, झेपेनासं झालं, तर ती ओढायची. दिवा लागतो, लाइन थांबते, सगळे मदतीला येतात. साहेब दहा वेळा सांगायचे की दोरी ओढणाऱ्यावर मी रागावणार नाही, आणि ते कधी रागावलेही नाहीत. रागवायला बाकीचे होते की. दोरी ओढली की असेंब्लीतली मंडळी हळूहळू टाळ्या वाजवायची. आणि ज्याची दोरी, त्याच्या नावापुढे मी फळ्यावर लाल ठिपका द्यायचा, हे माझं काम. त्या आठवड्यात प्रेसमधल्या साच्याची, डायची, एक स्प्रिंग सारखी दगा देत होती. भाऊजींनी तीनदा दोरी ओढली. मी तीन ठिपके दिले. दुसरा कुणी असता तरी दिले असते, पण दुसरा कुणी नव्हता, नवरा होता, आणि शिफ्टच्या तोंडावर कुणीतरी म्हणालं की याची बायकोच याला सगळ्यांसमोर लाल करते. सगळे हसले. मीही हसले. ते मी हसायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा गाळताना, त्यांनी मला मारलं. पहिल्यांदाच नव्हे, पण आईसमोर पहिल्यांदा. गाळणं माझ्या हातातून उडालं, चहा पायावर सांडला, कानात शिट्टी वाजायला लागली. आई फडकं घेऊन फरशी पुसायला बसली. तिने बाबांच्या वेळी हेच केलं होतं. तुला हे मी कधी सांगितलं नाही, कारण तुला सांगितलं असतं तर त्याच दिवशी भाऊजींची हाडं मोडली असती. तुझ्यापुढे ते देवमाणूस होते. तुला त्यांनी नोकरीला लावलं, तुझ्या आजारपणात रात्रंदिवस उशाशी बसले, तेही खोटं नाही. माणूस एकाच अंगाने थोडाच असतो. मी गालावर ओढणी घेतली आणि कामावर गेले. कारखान्यातला सगळा साठा संपला होता, माझ्या पोटातला तेवढा शिल्लक होता.

आता नीट वाच. आठ वाजता असेंब्लीतून भाऊजींच्या पट्टीचं कार्ड परत आलं. ते फळ्यावर लटकवायचं होतं. मी ते माझ्या पिशवीत टाकलं. साहेबांनी नाही, ठोंब्या. मी. पाचांतलं पाचवं कार्ड मी काढलं. साहेबांची सही नाही, वहीत नोंद नाही, कुणाला विचारलं नाही. माझ्या मनात काय होतं तेही सांगते, कारण खोटं बोलायचा मला आता कंटाळा आला आहे. मला त्यांचा हात घालवायचा नव्हता. मला एवढंच हवं होतं, की दुपारी ट्रकच्या वेळी एक क्रेट कमी पडावं, त्यांना चौथ्यांदा दोरी ओढायला लागावी, सगळ्यांनी टाळ्या वाजवाव्यात, आणि मी सगळ्यांदेखत चौथा ठिपका द्यावा. सकाळच्या थपडेची परतफेड. बस, एवढीच माझी अक्कल चालली.

दहाच्या सुमारास साहेब फळ्यापाशी आले, कार्डं मोजली, आणि पाचवं कुठे म्हणून विचारलं. मी म्हटलं, असेंब्लीत राहिलं असेल. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतः असेंब्लीत गेले आणि टेबलांखाली वाकून, गुडघे टेकून कार्ड शोधत बसले. त्यांना फळ्यापाशी वही घेऊन उभं राहिलेलं सगळ्यांनी बघितलं, आणि त्या महिन्याचं कार्ड अजून निघायचं होतं, म्हणून सगळ्यांनी आपापल्या मनाने दोनात दोन मिळवले. अकरा वाजून गेले. असेंब्लीत पट्ट्या संपत आल्या, पिवळा दिवा लागला, माणसं ओरडायला लागली. तेव्हा माझं धाबं दणाणलं. ट्रक चुकला तर चौकशी होणार, चौकशीत मी सापडणार. सव्वाअकराला मी पिशवीतून कार्ड काढलं आणि गुपचूप फळ्यावर लटकवलं. मला वाटलं, मी चूक सुधारते आहे. भाऊजींनी येऊन ते उचललं, एकवार माझ्याकडे बघितलं आणि पळत सुटले. दोनशे पट्ट्यांना चाळीस मिनिटं लागतात. त्यांच्या हातात पंचवीस होती.

त्या प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांची. दोन्ही एकदम दाबली तरच दट्ट्या खाली येतो, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नको. घाई असली की जुनी माणसं काय करतात ते तुला माहीत आहे. एका बटणात लाकडाची पाचर ठोकतात, वर टेप गुंडाळतात, मग एका हाताने बटण आणि दुसऱ्याने पट्टी. साहेबांनी अशा पाचरी तीनदा उपटून फेकल्या होत्या. दोरी डोक्यावर लोंबत होती. ओढली असती तर चौथा ठिपका. त्यांनी ओढली नाही, पाचर ठोकली. मी फळ्यापाशी उभी राहून प्रेसचा आवाज ऐकत होते, नेहमीपेक्षा जलद, थाड थाड थाड, आणि मनात म्हणत होते की चला, निभावलं. मग एक थाड वेगळाच वाजला. मऊ. त्यानंतर प्रेस थांबला नाही, अजून एकदा खाली आला. भाऊजी ओरडले नाहीत. त्यांनी हात बाहेर काढला आणि तो हात कुणाचा आहे हे कळत नसल्यासारखे त्याच्याकडे बघत राहिले. मनगटाच्या पुढे जे होतं त्याला हात म्हणता येत नव्हतं. मग जमिनीवर, माझ्या त्या हिरव्या जमिनीवर, रक्त. साहेब असेंब्लीतून धावत आले, स्वतःचा शर्ट फाडून त्यांनी दंड आवळला, आणि गाडीत भाऊजींचं डोकं मांडीवर घेऊन बसले. हे वकील तुला सांगणार नाही. मी सांगते.

संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात तू मला विचारलंस की कार्ड त्या साहेबाने काढलं होतं ना. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मी रडत राहिले, आणि माझ्या रडण्याचा तू हवा तो अर्थ घेतलास. तुझे डोळे बघितले तेव्हाच मला कळलं होतं की उद्या काहीतरी होणार. अडवलं असतं तर अडला असतास. माझं तू नेहमी ऐकलं आहेस. पण अडवायचं म्हणजे सगळं सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे ती थप्पडही आली. मी तुझ्यासाठी चहा आणला आणि दोन घोट घे म्हटलं. झाली माझी अडवणूक.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता, शिफ्ट सुटताना, फाटकाच्या आत सायकलींच्या छपरापाशी तू साहेबांना गाठलंस. हातात ट्रॉलीचा दांडा. मी तुझ्यापासून दहा पावलांवर होते. पहिला दांडा खांद्यावर बसला, दुसरा मांडीवर. ते खाली बसले, दोन्ही हात डोक्यावर धरून, आणि पुन्हा पुन्हा म्हणाले की मी कार्ड काढलं नाही. तू म्हणालास, चोराच्या उलट्या बोंबा. चाळीस माणसं उभी होती, एकानेही तुझा हात धरला नाही. दोघा-तिघांनी तर मार म्हटलं. मग साहेबांनी मान वर केली आणि तुला आणखी एक वाक्य सांगितलं, आणि ते ऐकून तू पिसाळलास. त्यानंतरचे तीन फटके डोक्यावर पडले. त्यातल्या शेवटच्याचा आवाज मला ओळखीचा वाटला, प्रेसच्या त्या मऊ थाडसारखा. डॉक्टर म्हणाले, आधीच्या दोन फटक्यांनी माणूस महिनाभरात हिंडायला लागला असता. जे झालं ते नंतरच्या तीन फटक्यांनी.

मागच्या महिन्यात मी साहेबांच्या घरी गेले होते. का गेले ते विचारू नकोस, पाय गेले. ते खिडकीशी खुर्चीत होते. बोलता येत नाही, उजवी बाजू लुळी. बायको भरवते, तोंड पुसते. मी कोण ते त्या बाईला माहीत होतं, तरी तिने मला बसायला खुर्ची दिली. म्हणाली, यांचं काहीतरी मागणं आहे आणि मला ते कळत नाही. डाव्या हाताचं बोट मांडीवर फिरवून दिवसातून दहा वेळा एक लांबट चौकोन काढतात. मी फोन देऊन बघितला, टॉवेल दिला, लग्नाचा फोटो दिला. सगळं ढकलून देतात आणि पुन्हा चौकोन काढतात. तुम्ही कारखान्यातल्या, तुम्हाला काही सुचतं का. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्यासमोर तो चौकोन काढला. कार्डाएवढा, ठोंब्या. बरोबर कार्डाएवढा. मी म्हटलं, नाही हो वहिनी, मला नाही सुचत. आणि तिने दिलेल्या खुर्चीवरून उठून निघाले.

त्या रविवारी मी भाऊजींना सगळं सांगितलं. आईही तिथेच होती, बरं झालं. ते जेवत होते. चमचा खाली ठेवला, उठले, आणि मला मारायला हात उचलला. उचलला तो उजवा. तो वर गेला आणि तिथे काहीच नव्हतं, नुसती शिवलेली बाही. आम्ही तिघंही त्या बाहीकडे बघत राहिलो. मग त्यांनी ती खाली घेतली, पुन्हा बसले आणि डाव्या हाताने ताट माझ्या अंगावर फेकलं. मी पुसलं नाही. या वेळी आईही फडकं आणायला उठली नाही. ती भाऊजींना म्हणाली, "आधी तू मारलंस." एवढंच. तिच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मला चाळीस वर्षं लागली. भाऊजी त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत, पण घर सोडून गेले नाहीत, आणि सकाळी गळ्याचं बटण लावायला माझ्यासमोर येऊन उभे राहतात.

सोमवारी मी तुझ्या वकिलाला गाठून सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग पांढरा पडला, मग मला म्हणाला की बाई, तुम्ही भावाच्या मुळावर उठला आहात. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते तुम्हीच. माझ्यासमोर त्याने साक्षीदारांच्या यादीतून माझं नाव खोडलं. आता मला कुणी बोलावणार नाही, माझ्याऐवजी असेंब्लीतले दोघे येऊन सांगतील की साहेबांना फळ्यापाशी बघितलं. ते खोटं नाही आणि खरंही नाही. तू सुटशील लवकर. आणि तो माणूस खिडकीशी बसून मरेपर्यंत चौकोन काढत राहील, आणि त्याच्या पोरांना जग सांगेल की तुमच्या बापाने एकाचा हात खाल्ला.

म्हणून लिहिते आहे. डोक्यावर पहिला फटका पडायच्या आधी साहेब तुला जे म्हणाले ते चाळीस जणांनी ऐकलं, पण पोलिसांच्या कागदात कुणीच लिहून दिलं नाही. तूही नाही, मीही नाही. ते म्हणाले होते, "तुझ्या बहिणीला विचार." तुला वाटलं, या हलकटाने मार चुकवायला माझ्या ताईचं नाव घेतलं, आणि तू मला वाचवण्यासाठी त्यांचं डोकं फोडलंस. मी दहा पावलांवर होते. तू एकदा मान वळवून माझ्याकडे बघितलंही होतंस. मी नजर खाली घातली. गुरुवारी तुझ्याच तोंडाने न्यायाधीशांना सांग की माझ्या बहिणीला बोलवा. आरोपीने मागितलं तर वकिलाला नाही म्हणता येत नाही, मी विचारून घेतलं आहे. यात तुझी वर्षं वाढतील, मला माहीत आहे. तुझ्याकडून हे मागायचा मला काडीचाही हक्क नाही, तेही माहीत आहे. बुधवारपर्यंत तुझा निरोप आला नाही तर मी समोरच्या वकिलाकडे जाणार, ते ठरलं आहे. पण तेव्हा ती बहिणीने भावावर केलेली फिर्याद होईल. मला ते तसं नको आहे. त्या माणसाने तुला एकच गोष्ट करायला सांगितली होती, ती तू केली नाहीस आणि मी करू दिली नाही. सगळ्यांसमोर, मोठ्याने, मला विचार.

तुझीच,
ताई